बायकोला स्तनाचा कॅन्सर निघालाय. घरच्या डॉक्टरांना न दुखवता दुसरं मत कसं घ्यायचं? (खान्देशातल्यांनी जरूर लिहा)

तापीकाठ (चोपडा)

राम राम मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. प्रश्न घरचा आहे आणि वेळ कमी आहे, म्हणून सरळ मांडतो.

माझ्या बायकोच्या (वय ४४) डाव्या स्तनात गाठ लागली. जळगावला बायोप्सी झाली. रिपोर्टमध्ये इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड ३, ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू २+ असं लिहिलंय. सोनोग्राफीत गाठ ३.४ सेंटिमीटरची आणि काखेतही एक गाठ दिसतेय. आमच्या सर्जन साहेबांचं म्हणणं, पुढच्या गुरुवारी ऑपरेशन करू, पूर्ण स्तन काढून टाकू, केमोचं नंतर बघता येईल.

हे साहेब आम्हाला परके नाहीत. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन त्यांनीच केलं. भावाचा अ‍ॅक्सिडेंट झाला तेव्हा मध्यरात्री उठून आले. वडील गेले तेव्हा दारावर येऊन बसले. पैशासाठी कधी अडवलं नाही. आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगू की तुमचं ऐकलं, पण आणखी एकाला विचारून येतो?

मोठे भाऊ म्हणतात, ज्याने आपल्याला इतकं सांभाळलं त्याच्यावर अविश्वास दाखवायचा नाही. नाशिकचा शालक म्हणतो, टाटाला दाखवल्याशिवाय सुरी लावू देऊ नका. एक आत्या सातपुड्याच्या पायथ्याच्या कुठल्या वैद्याचा नंबर घेऊन बसलीय. त्यात कानबाईचा (आमच्याकडच्या देवीचा) सण जवळ आलाय, म्हणून काही जण म्हणतात तिचे रोट (नैवेद्य) होऊन जाऊ द्या, मग काय ते ठरवा. बायकोला विचारलं तर म्हणते, तुम्ही म्हणाल तसं.

दुसरं मत घेण्यात वेळ गेला तर आजार वाढेल का? कुठे जावं? आणि साहेबांशी कसं बोलावं? मार्ग सांगा.

भुसावळकरीण

दादा, आधी घाबरू नका. आमचे हे रेल्वेत होते, तोंडाचा कॅन्सर निघाला होता. तंबाखू-चुना, दुसरं काय. तेव्हा आमचीही हीच अडचण होती, कारण डॉक्टर आमच्याच समाजातले, लग्नकार्यात भेटणारे.

मी एकटी जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "साहेब, उपचार तुमच्याच हातचा करायचा आहे. पण आजार मोठा आहे, मुलं लहान आहेत. एकदा मुंबईला दाखवून आले म्हणजे माझ्या मनाला उद्या बोचणी राहणार नाही. तुम्हीच चिठ्ठी लिहून द्या." त्यांनी पॅड ओढलं आणि पानभर लिहून दिलं, काय सापडलं, काय करायचा विचार आहे, सगळं. त्या चिठ्ठीचा मुंबईत फार उपयोग झाला. तिथल्या डॉक्टरांनी ती वाचूनच पुढचे प्रश्न विचारले.

लपूनछपून जाऊ नका, एवढंच सांगते. आपल्याकडे सकाळी जळगाव स्टेशनवर कोणी पाहिलं की संध्याकाळपर्यंत दवाखान्यात कळतं. आपण होऊन सांगितलं तर माणूस दुखावत नाही, दुसऱ्याकडून कळलं तर दुखावतो.

स्लाइडवाला

मूळचा शहाद्याचा, पॅथॉलॉजिस्ट आहे. आयुष्य मायक्रोस्कोपखाली हेच बघण्यात चाललंय. पेशंट न बघता उपचार सांगणार नाही, पण तुम्ही लिहिलेल्या रिपोर्टमधली एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून देणं मला गरजेचं वाटतं.

ईआर-पीआर म्हणजे गाठ हार्मोनवर वाढते का, आणि हर-टू म्हणजे तिच्या पेशींवर त्या नावाचं प्रथिन जास्त आहे का, याची तपासणी. त्यात हर-टू २+ हे उत्तर नाही. शून्य किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, आणि २+ म्हणजे या तपासणीवरून ठरवता येत नाही. तेव्हा त्याच तुकड्यावर फिश नावाची पुढची तपासणी करायची असते, तिच्यातून हो किंवा नाही कळतं. पॉझिटिव्ह आलं तर ट्रास्टुझुमॅबसारखं खास औषध उपचारात येतं. निगेटिव्ह आलं तर, ईआर-पीआरही निगेटिव्ह असल्यामुळे, आजार ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात मोडतो आणि औषधं बदलतात. म्हणजे आज तुमच्या हातात आजाराचं नाव आहे, प्रकार अजून ठरायचाय.

आता ऑपरेशनचं. गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी, काखेत गाठ आणि प्रकार या दोन्हींपैकी कोणताही निघाला, तर बऱ्याच ठिकाणी आधी केमो देऊन मग ऑपरेशन करण्याचा विचार होतो. त्याची कारणं आहेत. औषधाने गाठ विरघळते की नाही हे डोळ्यांनी दिसतं, काही बायकांचा स्तन वाचू शकतो, आणि ऑपरेशनच्या वेळी आजार किती उरला यावरून पुढचं औषध ठरवता येतं. आधीच काढून टाकलं तर ही माहिती परत मिळत नाही. तुमचे सर्जन चुकीचं सांगतायत असं मी म्हणत नाही, आधी ऑपरेशन करण्याचीही कारणं असू शकतात. पण हा क्रम सर्जन आणि मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट (केमो देणारे डॉक्टर) यांनी एकत्र बसून ठरवायचा असतो, आणि तो गुरुवारच्या आधी ठरायला हवा.

काखेतल्या गाठीतून सुईने नमुना घेतलाय का, तेही विचारा. सोनोग्राफीत दिसली म्हणजे कॅन्सरचीच, असं नसतं.

आणि दुसरं मत म्हणजे फाइल दाखवणं नव्हे. सगळा उपचार ज्या कागदावर उभा आहे तो बायोप्सीचा रिपोर्ट, म्हणून आधी तो दुसऱ्या डोळ्यांनी बघितला गेला पाहिजे. त्यासाठी लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमच्या बायकोचा तुकडा, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, प्लास्टिकच्या जाळीच्या डबीवर चिकटलेला. त्यावर नंबर असतो, तो रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतो का ते काउंटरवरच बघा. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते. पाकिटात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवा. आणि तो हरवला तर पुन्हा सुई टोचावी लागेल, हे लक्षात असू द्या.

शिरपूरकर

वरचे सगळे बरोबर बोलतायत, तरी मी थोडं वेगळं लिहितो. माझ्या चुलत भावाच्या घरी वहिनीला हाच आजार होता. पहिल्याने एक सांगितलं, दुसऱ्याने दुसरं, मग तिसरा, मग कोणीतरी इंदूरचं नाव सांगितलं, मग सुरतचं. मधे एक काढा. प्रत्येक ठिकाणी नवीन फाइल, नव्याने तपासण्या. पावसाळा गेला, कापूस वेचून झाला तरी उपचार सुरू नाही. सुरू झाला तोवर आजार हाडात गेला होता. वहिनी आता नाहीत.

म्हणून माझं म्हणणं, दुसरं मत जरूर घ्या, पण आजच ठरवा की कुठपर्यंत थांबायचं. दोन मतं जुळली तर तिसरीकडे जाऊ नका. नाही जुळली तर दोघांना कारण विचारा, आणि लागलंच तर पहिल्यांची चिठ्ठी दुसऱ्यांना दाखवून बोला. आत्याच्या वैद्याला मी दुसरं मत मानत नाही. जो बायोप्सी वाचत नाही त्याचं या आजारात मत कसलं?

आणि रोट होऊ द्या म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगा की कानबाई घरच्या लक्ष्मीचीच आहे, ती समजून घेईल.

स्लाइडवाला

शिरपूरकरांशी पूर्ण सहमत. वेळेचं राहिलं होतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पक्की तपासणी आणि दुसरं मत यात दोन-तीन आठवडे गेले म्हणून सहसा बिघडत नाही. महिने घालवले तर बिघडतं. हे सगळ्या कॅन्सरला लागू नाही. रक्ताचा तीव्र कॅन्सर, श्वासाला अडथळा, न थांबणारा रक्तस्राव, मणक्यावर दाब येऊन पायातली ताकद जाणं, अशा वेळी आहे तिथे लगेच उपचार सुरू करायचा आणि मतं नंतर विचारायची. हा धागा पुढे कोणीही वाचेल म्हणून लिहून ठेवतो.

तापीकाठ (चोपडा)

सगळ्यांचे आभार. स्लाइडवाला साहेब, तुमचा प्रतिसाद शालकाला वाचून दाखवला. फिशबद्दल आम्हाला कोणी बोललं नव्हतं.

आज लॅबमध्ये ब्लॉक मागायला गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, डॉक्टरांचं पत्र आणा, आम्ही पेशंटला देत नाही. काय करू?

स्लाइडवाला

शांतपणे बोला, भांडू नका, पण मागे हटू नका. पेशंटच्या सहीचा साधा अर्ज द्या: अमुक नंबरचा ब्लॉक आणि स्लाइड दुसऱ्या मतासाठी हव्या आहेत. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तिथल्या पॅथॉलॉजिस्टला स्वतः भेटा, बहुतेक वेळा काउंटरवर अडलेलं आत सुटतं. दवाखान्याच्या कागदपत्रांबाबत तर २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत स्पष्ट आहे की पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णांच्या हक्कांची सनद काढली, तिच्यातही दुसरं मत घेण्याचा हक्क वेगळा लिहिलाय, आणि त्यासाठी कागद द्यावेत हेही. हे मनात असू द्या, तोंडावर फेकायची गरज बहुधा पडणार नाही.

नंदुरबारची ताई

मी पेशंट लोकांना घेऊन मुंबईला जात असते, म्हणून तेवढंच सांगते.

टाटा मेमोरियल परळला आहे, दादरला उतरलात की जवळच. खारघरला त्यांचंच दुसरं केंद्र आहे. पहिला दिवस नोंदणीत जातो असं धरून चला. सोबत ओळखपत्रं, रेशन कार्ड, बायोप्सीचे कागद, ब्लॉक-स्लाइड, आणि मॅमोग्राफी-सीटी झालं असेल तर त्याची सीडी घ्या. नुसता लेखी रिपोर्ट पुरत नाही, चित्रं त्यांना स्वतः बघायची असतात. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, दोन्हीकडे आधी चौकशी करा, जागा लगेच मिळेलच असं नसतं.

रेल्वेची सवलत विसरू नका. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण भाडं माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. दवाखान्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो.

जाणं जमत नसेल तर 'नव्या' (Navya) नावाची ऑनलाइन सोय आहे, टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेली. कागद चढवले की तज्ज्ञांचं लेखी मत येतं. ज्यांना मुंबई दूर पडते त्यांना संभाजीनगरचं सरकारी कॅन्सर हॉस्पिटलही आहे. चाळीसगाव-पाचोऱ्याकडचे बरेच लोक तिकडेच जातात.

महात्मा फुले योजनेत केमो, रेडिएशन, ऑपरेशन तिन्ही बसतात. जिथे उपचार करायचे ठरेल त्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, त्याला पैसे भरण्याच्या आधी भेटा.

अमळनेरची वहिनी

मी स्वतः या आजारातून गेलेय. वरचं सगळं वाचलं. ब्लॉक, स्लाइड, गाडी, धर्मशाळा, मोठे भाऊ, आत्या, शालक, सगळे आले. दादा, तुमची बायको या धाग्यात एकाच ओळीत आहे: तुम्ही म्हणाल तसं.

मीही तेच म्हणत होते. त्याचा अर्थ मला मत नाही असा नव्हता. घरात सगळे माझ्याबद्दल बोलत होते आणि मी चहा ठेवत होते. रिपोर्ट यांच्या खिशात, डॉक्टर बोलायचे यांच्याशी, मी बाजूच्या स्टुलावर. शेवटी एक दिवस मी म्हटलं, जीव मना शे, माले बी इचारा. तेव्हा कुठे कागद माझ्या हातात आले.

तिला एकटीला घेऊन बसा. शेतात न्या, ओट्यावर बसा, कुठेही, पण चार माणसं नकोत. रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते तिला तिच्या भाषेत सांगा. तिला कशाची भीती वाटते ते विचारा. स्तन जाण्याची असेल, केस जाण्याची असेल, पोरीच्या लग्नाची असेल, शेत विकावं लागेल याची असेल. आणि डॉक्टरकडे गेल्यावर जवळच्या खुर्चीत तिला बसवा. तुम्ही मागे बसून लिहून घ्या. बाईला जे विचारायचं असतं ते नवऱ्याला सुचत नाही, सुचलं तरी त्याच्या तोंडून निघत नाही.

अजून एक. आमच्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, माहेरी कोणाला कॅन्सर होता का? हे उत्तर तुमच्या भावांना माहीत नसणार, फक्त तिला माहीत असेल.

भुसावळकरीण

वहिनी, अगदी मनातलं लिहिलंत.

तापीकाठ (चोपडा)

काल सर्जन साहेबांकडे गेलो. बायको पुढच्या खुर्चीत बसली. मी बोलायला सुरुवात केली तर तीच म्हणाली, "साहेब, कापायचं असेल तर मी तयार आहे. पण हर-टू २+ म्हणजे नक्की काय ते ठरलं नाही ना? ते ठरल्यावर कापू." साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग रिपोर्ट परत उघडला. चश्मा कपाळावर सरकवून बराच वेळ वाचत राहिले. म्हणाले, "वहिनी, बरोबर विचारलंत. फिश करून घेऊ. आणि केमोवाल्या डॉक्टरांनाही आधीच दाखवायला हवं." मग मी भीत भीत मुंबईचं काढलं. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, लॅबला फोनही केला. ब्लॉक संध्याकाळी मिळाला. गुरुवारचं ऑपरेशन पुढे ढकललंय.

मोठे भाऊ अजून नाराज आहेत. त्यांना साहेबांची चिठ्ठी दाखवली, वाचून परत दिली, काही बोलले नाहीत.

आणि वहिनी, तुमच्यामुळे एक गोष्ट कळली, ती मला इतक्या वर्षांच्या संसारात माहीत नव्हती. बायकोची सख्खी मावशी कमी वयात गेली, एवढंच मला ठाऊक होतं. ती अंडाशयाच्या कॅन्सरने गेली होती. माहेरी त्याला "पोटाचं दुखणं" म्हणायचे आणि त्याच्यावर कोणी बोलायचं नाही.

स्लाइडवाला

ही माहिती मुंबईत पहिल्या दिवशीच सांगा, शक्यतो कागदावर लिहून द्या. फार महत्त्वाची आहे.

तापीकाठ (चोपडा)

मुंबईहून आलो. जरा उशिरा लिहितोय, माफ करा.

ब्लॉक तिथे पुन्हा तपासला. कॅन्सर तोच, ग्रेड तोच. फिश निगेटिव्ह आली, म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह. काखेतल्या गाठीत सुई घातली, तिच्यात आजार आहे. बाकी शरीरात कुठे दिसला नाही. त्यांचं म्हणणं, आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. केमो मुंबईतच घ्यायला पाहिजे असं नाही, योजना लिहून दिलीय, जळगावला घेता येईल. ऑपरेशन किती मोठं करायचं ते केमोनंतर ठरेल. आमच्या साहेबांना सगळं दाखवलं, त्यांना पटलं. केमोसाठी त्यांनीच जळगावच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. सोमवारी सुरू होतंय.

मावशीचं सांगितल्यावर तिथल्या डॉक्टरांनी बीआरसीएची (कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला दोष घराण्यातून आलाय का ते बघणारी) रक्ततपासणी सांगितली. रक्त देऊन आलोय, रिपोर्टला वेळ लागणार. आता घरात नवीन काळजी सुरू झालीय. मुलगी १९ वर्षांची आहे, धुळ्याला शिकते. बायको रात्री झोपत नाही, म्हणते माझं जे व्हायचं ते होवो, पोरीचं रक्त लगेच तपासा. तपासावं का?

स्लाइडवाला

थांबा. क्रम असा असतो की आधी आईचा रिपोर्ट. आईमध्ये दोष सापडला नाही तर मुलीची ही तपासणी सहसा करत नाहीत. सापडला, तर मुलीत तो येण्याची शक्यता निम्मी, म्हणजे न येण्याचीही निम्मी. तेव्हाही आधी समुपदेशन, मग रक्त. टाटात कॅन्सर जेनेटिक्सची वेगळी ओपीडी आहे, तिथे हे नीट समजावून सांगतात. मुलगी सज्ञान आहे, तपासायचं की नाही आणि कधी, हे तिने ठरवायचं. या वयात दोष सापडला तरी उद्याच काही करायचं नसतं, पुढची नियमित तपासणी कधीपासून सुरू करायची ते ठरतं.

आईच्या रिपोर्टसाठी केमो थांबवायची नाही. तो रिपोर्ट ऑपरेशनच्या निर्णयाच्या वेळी लागेल, तोवर येईल. आणि दोष निघालाच तर बायकोच्या बहिणी आणि भाऊ या सगळ्यांना कळवावं लागेल. भावांकडूनही तो पुढे जातो, हे लोकांना माहीत नसतं.

अमळनेरची वहिनी

तिला माझा निरोप द्या. पोरीला सुट्टीत घरी बोलवा आणि मावशी-आजीचं खरं काय झालं होतं ते आईनेच तिला सांगू द्या.

सोमवारसाठी: सुती, पुढून बटणं असलेला ब्लाउज किंवा गाऊन घाला. सकाळी रिकाम्या पोटी नेऊ नका, साधी भाकरी-वरण खाऊन जा, शेवभाजी-ठेचा आता काही महिने बंद. थर्मामीटर विकत घ्या. केमोनंतर ताप १००.४ वर गेला की रात्र असो की पहाट, घरी क्रोसिन देऊन बसू नका, थेट दवाखाना गाठा. डॉक्टरांचा रात्रीचा नंबर आधीच घेऊन ठेवा. आणि मला इथे व्यक्तिगत निरोप करा, तिच्याशी फोनवर बोलते.